वेव्हफोल्डर

वेव्हफोल्डर हे मॉड्युलर सिंथमधलं, म्हणजे सुटे भाग (मॉड्युल) केबलने जोडून आवाज काढायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यातलं, वेव्हशेपिंगचं, म्हणजे आवाजाच्या विजेच्या लाटेचा आकार बदलायचं मॉड्युल. आत आलेली लाट ठराविक व्होल्टेजच्या वर जायला लागली की हे तिचं टोक उलटं खाली दुमडतं, साडीच्या निऱ्या घालतात ना तसं, गेन, म्हणजे आत येणारी लाट किती मोठी करायची ते, जेवढा वाढवाल तेवढ्या घड्या जास्त. टोक दुमडण्याऐवजी सपाट कापलं तर त्याला क्लिपिंग म्हणतात, गिटारवाल्यांचं डिस्टॉर्शन ते हेच.

साइन वेव्हमध्ये मूळ स्वराशिवाय काही नसतं, ११० हर्ट्झ म्हणजे फक्त ११०. ती फोल्डरमधून काढली आणि घड्या वर-खाली सारख्या पडल्या तर ३३०, ५५०, ७७० असे विषम हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट स्वर येतात, आवाज पोकळ, थोडा नाकातला. सिमेट्री किंवा बायस लिहिलेला नॉब फिरवला की लाट एका बाजूला सरकते, घड्या सारख्या पडत नाहीत आणि मग २२०, ४४० हे समही मिसळतात. खरी गंमत पुढे आहे, गेन वाढवत नेला की प्रत्येक हार्मोनिक नुसता वाढत जात नाही, एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो, मधेच गायब होऊन परत येतो, म्हणून नॉब हळू फिरवताना आवाज सतत रंग बदलतो. फिल्टरला हे जमत नाही, तो असलेल्यातून काढून टाकतो, फोल्डर नसलेलं आणतो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावताना कान जे शोधतो ते याच जातीचं, यंत्रणा वेगळी असली तरी.

एकावेळी दोन स्वर दिले तर मात्र गडबड. २०० आणि ३१० हर्ट्झ एकत्र टाकले की ९० आणि ४२० असे कुणाचेच नसलेले स्वर बाहेर पडतात, त्यामुळे कॉर्ड फोल्ड करायच्या भानगडीत सहसा पडू नये.

ही पद्धत कॅलिफोर्नियातली, सिंथ बनवणारे डॉन बुकला आणि सर्ज चेरेपनिन यांची, सत्तरच्या दशकात रुजलेली. तिकडे न्यूयॉर्क राज्यात दुसरा सिंथवाला रॉबर्ट मूग, त्याचा भर फिल्टरवर, म्हणून वेस्ट कोस्ट-ईस्ट कोस्ट ही विभागणी लोक अजून करतात, जरा अतीच करतात.

साधा फोल्डर टीएल०७२ ऑपॅम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) आणि १एन४१४८ डायोडवर घरी होतो. मी नौपाड्यातून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले, ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पाटीवर लावलं आणि नॉब फिरवला तर आवाजात काही फरकच नाही, फक्त कमी-जास्त व्हायचा, एका जागी तर पार बंद. अख्खा रविवार डायोड तपासण्यात गेला. चूक एवढीच की ऑसिलेटरची, म्हणजे लाट तयार करणाऱ्या मॉड्युलची केबल स्क्वेअर वेव्हच्या आउटपुटमध्ये होती. स्क्वेअर वेव्हला दोनच पातळ्या, दुमडून दुमडून दोनच राहणार, म्हणजे बाहेर पण स्क्वेअरच, आणि दोन्ही पातळ्या शून्यावर पडल्या की शांतता. केबल ट्रायँगलला लावली तेव्हा कुठे आतल्या खोलीतून आई ओरडली, "मिक्सरमध्ये काय अडकलंय रे?"