विद्यार्थी-खेळाडू: एका संयोगचिन्हाची सत्तर वर्षं

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयानं एका तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं आणि अमेरिकेतल्या कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक कॉलेजला मर्यादा होती साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची. आधीच्या काही वर्षांतल्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत मिळायचे आहेत. 'कॉलेजच्या पोरांना आता पगार' असं या बातमीचं सोपं भाषांतर सगळीकडे झालं. नेमका तो 'पगार' हा शब्दच चुकीचा आहे. पगार म्हटला की नोकर आला, नोकर आला की अपघाताची भरपाई आली, युनियन आली. हे सगळं येऊ नये म्हणून कॉलेजांनी आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं सत्तर वर्षं एक शब्द जपून ठेवला आहे: 'विद्यार्थी-खेळाडू'. तडजोडीनंतरही तो शाबूत आहे.

फार मागे जायचं कारण नाही. १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येलच्या मुलांची होड्यांची शर्यत झाली. ती भरवण्यामागे एका रेल्वे कंपनीचा हात होता, तेव्हा 'पूर्वी सगळं निर्मळ होतं' हे रडगाणं सुरुवातीपासूनच खोटं. १९०५च्या हंगामात फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या अंगावर धावून जायच्या फुटबॉलमध्ये, एका वर्तमानपत्राच्या मोजणीनुसार १८ जण मेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी मोठ्या कॉलेजांच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावलं आणि पुढच्याच वर्षी संघटना उभी राहिली. १९१० पासून तिचं नाव एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना. खेळाचे नियम करणं हे तिचं काम. कोण खेळेल, कोणाला काय द्यायचं, कोण कसा वागेल, हे ज्याचं त्यानं आपल्या कॉलेजात बघावं असा मामला होता.

१९४८ मध्ये संघटनेनं पहिल्यांदा शिष्यवृत्त्यांवर लगाम घालायचा प्रयत्न केला. मदत गरजेनुसार द्या, काम दिलं तर ते खरंखुरं असू द्या, आणि मोडलं तर शिक्षा एकच: हकालपट्टी. १९५० मध्ये सात कॉलेजांना काढायचा ठराव आला. बाजूनं १११, विरोधात ९३. दोन तृतीयांश मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. पुढच्या वर्षी ती संहिताच गुंडाळली गेली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या बास्केटबॉलमध्ये सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक ठरवल्याचं प्रकरण फुटलं. दोन्हीकडून नाचक्की झालेल्या संघटनेनं १९५१ मध्ये पहिले पूर्णवेळ कार्यकारी संचालक नेमले. ते १९८७ पर्यंत त्या खुर्चीवर होते.

आता मुख्य गोष्ट. ती घडली कोलोराडो राज्यात, आणि दोन खटल्यांत.

पहिला डेन्व्हर विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूचा. विद्यापीठानं त्याला कॅम्पसवरची टेनिस कोर्टं साफ ठेवायचं काम दिलं होतं, महिना ५० डॉलर. राहायला खोली होती, तिच्या बदल्यात भट्टी आणि पायवाटा साफ करायच्या. १९५० मध्ये सराव करताना त्याची पाठ दुखावली आणि त्यानं कामगार नुकसानभरपाई मागितली. विद्यापीठ म्हणालं, पाठ कोर्ट झाडताना दुखावली असती तर गोष्ट वेगळी. पण सुनावणीत निघालं असं, की मैदानावर जो चमकायचा त्यालाच काम आणि जेवण मिळायचं, संघातून नाव गेलं की काम गेलं. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: झाडू मारणं हा देखावा होता, खरी नोकरी फुटबॉलची. तो नोकर ठरला.

दुसरा खटला फोर्ट लुईस कॉलेजचा. १९५५च्या सप्टेंबरात सामन्याच्या पहिल्याच किकऑफला एका खेळाडूची टक्कर झाली, डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या पत्नीनं मृत्यूची भरपाई मागितली. त्यालाही कॉलेजनं शेतावरचं अर्धवेळ काम दिलेलं होतं. १९५७ मध्ये त्याच न्यायालयानं नेमकं उलट सांगितलं: खेळण्याबद्दल त्याला नेमल्याचा करार दिसत नाही, आणि कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. विधवेला काहीही मिळालं नाही.

या दोन निकालांच्या मधल्या काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रुळवला गेला. मुद्दाम 'रुळवला गेला' म्हणतो, कारण तो आपोआप तयार झालेला नाही. संघटनेनं १९५१ मध्ये नेमलेल्या त्याच संचालकांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या आठवणींत हे सरळ कबूल केलं आहे: खेळाडूला नोकर ठरवलं जाण्याची धास्ती होती, म्हणून आम्ही हा शब्द घडवला आणि सगळ्या नियमांत घुसवला. कॉलेजांच्या प्रसिद्धी खात्यांना सांगितलं गेलं, 'क्लब' म्हणू नका, 'कॉलेजचा संघ' म्हणा. क्लब धंदेवाईकांचे असतात. आणि १९५६ मध्ये याच संघटनेनं गरज न बघता निव्वळ खेळावर शिष्यवृत्ती द्यायला परवानगी दिली. एका हातानं मोबदला सुरू झाला, दुसऱ्या हातानं त्याचं नाव बदललं.

शाळेत केलेला समासाचा विग्रह इथे करून बघा. 'विद्यार्थी आणि खेळाडू' असा द्वंद्व, की 'विद्यार्थी असलेला खेळाडू' असा कर्मधारय? आपल्याकडे जिमखान्याच्या फलकावर 'खेळाडू विद्यार्थी' लिहितात, तिथे घोळ नाही: विद्यार्थी आहे, वर खेळतो, हजेरीत थोडी सूट, टीए-डीए आणि नशीब असेल तर ब्लेझर. अमेरिकी शब्द मात्र सोयीप्रमाणे सुटतो. वर्गात तो विद्यार्थी, दूरचित्रवाणीच्या करारात खेळाडू, आणि स्ट्रेचरवरून नेताना पुन्हा विद्यार्थी. टेक्सासमधल्या एका विद्यापीठाचा खेळाडू १९७४ मध्ये सामन्यात मान मोडून अपंग झाला. तो नोकर नव्हता, हा त्या राज्याच्या अपील न्यायालयाचा निकाल यायला २००० साल उजाडलं.

पण शब्दानं सगळं भागत नाही. विद्यार्थी म्हटलं तर त्याला पहाटे पाचला उठवायचं कोणत्या अधिकारात? सराव चुकवला तर काय करायचं? इथे वर्तणुकीचे नियम आले. १९६७ मध्ये संघटनेनं कॉलेजांना मुभा दिली की खेळाडूनं स्वतःहून खेळ सोडला किंवा प्रशिक्षकाच्या सूचना उघडपणे धुडकावल्या तर शिष्यवृत्ती काढून घ्यावी. १९७३ मध्ये चार वर्षांच्या शिष्यवृत्तीची हमी गेली, दर वर्षी नूतनीकरण आलं. कागदावर हे शिस्तीचे नियम. माझ्या मते ज्या मालकाला मालक म्हणवून घ्यायचं नाही, त्याचे हे सेवाशर्ती नियम आहेत.

ते साल १९६७ उगाच आलेलं नाही. कॅम्पसवर निदर्शनं चालू होती आणि कृष्णवर्णीय खेळाडू बोलू लागले होते. हा अधिकार प्रशिक्षकाच्या हातात म्हणजे काय, ते वायोमिंग विद्यापीठात दिसलं. १७ ऑक्टोबर १९६९, लॅरमी गाव. दुसऱ्या दिवशी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी सामना. ते मॉर्मन चर्चचं, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांना पुरोहितपद मिळत नसे. वायोमिंगचे चौदा कृष्णवर्णीय खेळाडू साध्या कपड्यांत, दंडाला काळ्या फिती बांधून प्रशिक्षकाकडे गेले. सामन्यात फिती बांधू का, एवढंच विचारायचं होतं. निदर्शनांत भाग घ्यायचा नाही असा प्रशिक्षकाचा नियम होता. त्यानं त्यांना व्यायामशाळेच्या बाकांवर बसवलं आणि चौदाच्या चौदा जणांना तिथेच संघातून काढलं. रात्री विश्वस्तांची बैठक बसली, गव्हर्नरही होते. निर्णय कायम राहिला. दुसऱ्या दिवशीचा सामना वायोमिंगनं ४०–७ असा जिंकला, पण हंगामातले शेवटचे चार हरले आणि पुढच्या वर्षी दहांपैकी एकच जिंकला. चौदा जण न्यायालयात गेले, तिथेही हरले: सरकारी विद्यापीठानं धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायला हवं, असं कारण मिळालं. विद्यापीठानं माफी मागितली २०१९ मध्ये. पन्नास वर्षांनी.

विद्यापीठांचा कारभार बघणारे स्वतः कोणत्या नियमात बसत होते, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात खेळाडूंना गुपचूप पैसे जात होते. संघटनेनं पकडलं, तंबी दिली, तरी ते चालूच राहिले, आणि १९८७ मध्ये फुटबॉलचा अख्खा हंगाम रद्द करण्याची शिक्षा झाली. पाठोपाठ राज्याच्या गव्हर्नरनी सांगून टाकलं की आपण त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना, ज्यांना कबूल केलंय त्यांचे पैसे चालू ठेवावेत असं ठरलं होतं. दिलेला शब्द पाळायचा, म्हणून! खेळाडूला प्रशिक्षकाची सूचना मोडल्याबद्दल घरी पाठवता येतं, नियामक मंडळाच्या अध्यक्षाला कुठे पाठवणार?

पुढच्याच वर्षी दार आणखी घट्ट झालं. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास शाखेच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाला निलंबित करायला संघटनेनं विद्यापीठाला भाग पाडलं होतं. माझी बाजू नीट ऐकली गेली नाही, ही त्याची तक्रार. डिसेंबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की संघटना खासगी आहे, शासनाचा भाग नाही, त्यामुळे घटनेतली रीतसर सुनावणीची हमी तिला लागू नाही. सभासदांत सरकारी विद्यापीठांची गर्दी, तरी एकत्र बसली की खासगी. खेळाडूंच्या चौकशांनाही हेच लागू पडलं. चौघांचं अल्पमत मला आजही जास्त पटतं.

मधल्या काळात पैसा फुगत गेला. १९८४ मध्ये सामन्यांच्या प्रक्षेपणावरचा संघटनेचा मक्ता न्यायालयानं मोडला, आणि त्याच निकालात हौशीपणाच्या परंपरेबद्दल जाता जाता चार गौरवाची वाक्यं लिहिली. संघटनेच्या वकिलांनी तीच पुढे पस्तीस वर्षं ढालीसारखी वापरली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९–० अशा एकमतानं ती ढाल गेली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीला वापरून कमाई करता येऊ लागली. पण एफ-१ या परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असलेल्यांना नाही, निदान सुखासुखी नाही. कॅम्पसबाहेर कमाई केली तर व्हिसा धोक्यात. केंटकी विद्यापीठाचा काँगोहून आलेला बास्केटबॉलपटू २०२२ मध्ये संघाबरोबर बहामासला गेला आणि जाहिरातींची कामं तिथे उरकून आला, कारण ती जमीन अमेरिकेची नव्हती. आपल्याकडून टेनिस किंवा ॲथलेटिक्सच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांच्या पालकांनी हे आधी वाचावं, बूट-रॅकेटच्या सौद्यांचं नंतर बघावं.

वर्तणुकीचे नियम कॉलेजांवरच उलटले ते शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. २०१४ मध्ये तिथल्या फुटबॉलपटूंनी युनियन मागितली. युनियनचे अर्ज बघणाऱ्या संघीय कामगार मंडळाच्या विभागीय संचालकांपुढे पगारपत्रक ठेवायला नव्हतं, म्हणून संघाची नियमपुस्तिका ठेवली गेली. हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास खेळाला. कॅम्पसबाहेर राहायचं तर भाडेकरार आधी प्रशिक्षकाला दाखवायचा. गाडी कोणती ते कळवायचं. बाहेर काम करायचं तर परवानगी. समाजमाध्यमांवरच्या नोंदींवर नजर, आणि प्रशिक्षकानं फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली तर नाकारायची नाही. इतका ताबा जो ठेवतो तो मालक, असा निष्कर्ष संचालकांनी काढला. शिस्त म्हणून लिहिलेलं एकेक कलम पुरावा ठरलं. खेळाडूंनी मतदानही केलं, पण पेट्या सीलबंद राहिल्या. २०१५ मध्ये वरच्या मंडळानं आपण यात अधिकार वापरणार नाही असं म्हणत प्रकरण मिटवलं. मतं कधीच मोजली गेली नाहीत. नोकर आहेत की नाहीत, हेही मंडळानं सांगितलं नाही. विद्यापीठानं मात्र पुढे पुस्तिकेतली काही कलमं मऊ केली, दुखापतीविषयी आणि पत्रकारांशी बोलण्याविषयीची.

डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघानं मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूनं कौल दिला. तिथे तर खेळाची शिष्यवृत्तीही नसते. वर्षअखेरीस मंडळाचा कल बदलणार हे दिसताच अर्ज मागे घेतला गेला.

त्याआधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, कामगार मंडळाच्या तेव्हाच्या मुख्य वकिलांनी एक टिपण काढलं होतं. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द वापरून खेळाडूंना आपल्याला हक्कच नाहीत असं भासवणं हाच कायद्याचा भंग ठरू शकतो, असं त्यात होतं. काही कॉलेजांनी घाईघाईनं संकेतस्थळांवर नुसतं 'खेळाडू' लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनानं ते टिपण रद्द केलं. चार महिन्यांनी तडजोड मंजूर झाली. आता कॉलेजं खेळाडूंशी जे करार करतात, त्यांत पैसा नाव आणि चेहरा वापरण्याच्या परवान्यापोटी दिल्याचं लिहिलेलं असतं.