परमेश्वराचा दिवस

परमेश्वराचा दिवस : हिब्रू बायबलमधील संदेष्ट्यांच्या (देवाचा संदेश सांगणाऱ्यांच्या) ग्रंथांतील दैवी न्यायनिवाड्याची मध्यवर्ती कल्पना. तिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख आमोसच्या पुस्तकात (५:१८–२०) आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आमोस हा यहूदा या दक्षिणेकडील राज्यातील तकोवा गावचा. मेंढरे पाळणारा, उंबरांची निगा राखणारा. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यास, दुसऱ्या यराबामच्या भरभराटीच्या राजवटीत, तो उत्तरेकडील इस्राएल राज्यात जाऊन बोलला. तिथल्या बेथेल या देवस्थानाचा याजक अमस्या याने त्याला ‘आपल्या गावी जा’ असे बजावले.

श्रोत्यांना हा दिवस हवाहवासा वाटत होता : त्या दिवशी परमेश्वर शत्रूंचा समाचार घेईल आणि आपली सरशी होईल. आमोसने ही अपेक्षाच उलटवली. तो दिवस प्रकाशाचा नव्हे, अंधाराचा. सिंहापासून पळालेल्या माणसाला अस्वल गाठते. घरात शिरून भिंतीला हात टेकावा, तर साप डसतो. पुस्तकाची सुरुवातही अशीच बेरकी आहे. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब या शेजाऱ्यांवर एकामागून एक दोषारोप होतात आणि ऐकणारे माना डोलावत असणार. मग यहूदाची पाळी येते आणि अखेर खुद्द इस्राएलची. निवडलेली प्रजा म्हणून सूट नाही. निवडले म्हणूनच जाब (३:२).

आरोपांत मूर्तिपूजेपेक्षा बाजार आणि वेशीतली न्यायसभा यांनाच अधिक जागा आहे. धान्याचे माप लहान, दाम तोलायचे वजन जड, गव्हाबरोबर भुसाही विकायचा. जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकायचे. वेशीत लाच घेऊन गरजूंचा न्याय डावलायचा. गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून लोक वेदीजवळ लोळतात, हा आरोप (२:८) विशेष बोचरा आहे. कारण गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे निर्गम ग्रंथातील नियमशास्त्र सांगते. अशा तक्रारी केवळ संदेष्ट्यांच्या वाणीत नव्हत्या. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील मेसद हाशाव्याहू येथे १९६० मध्ये इ.स.पू. सातव्या शतकातील एक लिहिलेले खापर सापडले. त्यात एक कापणीवाला अधिकाऱ्याकडे दाद मागतो : नेमून दिलेले काम मी पुरे केले, तरी माझे वस्त्र काढून घेतले, सोबतचे कापणीवाले साक्ष देतील.

इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूर साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन जिंकली आणि इस्राएल राज्य संपले. पुढे सफन्या या संदेष्ट्याने हाच इशारा यहूदाला दिला. त्या दिवसाला ‘क्रोधाचा दिवस’ म्हणणारे त्याचे शब्द (१:१५) ‘दिएस इरे’ या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राच्या आरंभी आले. योएलच्या पुस्तकात टोळधाड त्या दिवसाची नांदी ठरते. यहूदाचे लोक बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात असताना यहेज्केल या संदेष्ट्याने न्यायाचा हिशेब माणसागणिक मांडला : बापाच्या पापाचा दंड मुलाला नाही (अध्याय १८).

निवाडा अटळ आहे का, यावर मात्र संदेष्ट्यांचा सूर एक नाही. आमोस स्वतःच दोनदा गयावया करून अरिष्ट टाळतो (७:१–६). तिसऱ्या दृष्टांतात भिंतीचा सरळपणा तपासणारा ओळंबा दिसतो आणि आमोस गप्प होतो. योनाच्या पुस्तकात अश्शूरच्या निनवे नगरातील लोक पश्चात्ताप करतात, शिक्षा रद्द होते आणि संदेष्टाच रुसून बसतो. हे पुस्तक योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत वाचण्याची ज्यू परंपरा आहे.