प्रोग्रॅम नेला, लायसन्स मागेच राहिलं

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या डब्यांना विंडोज ११ रीतसर चालत नाही, म्हणून नारायण पेठेपासून एरंडवण्यापर्यंत छोट्या ऑफिसांत नवी मशिनं आली. आणि त्यांच्याबरोबर तेच वाक्य: ‘जुन्यातलं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) तेवढं नव्यात टाकून दे रे.’ या ‘तेवढं’मध्ये दोन निराळी कामं आहेत. एक प्रोग्रॅम नेण्याचं, दुसरं लायसन्स नेण्याचं.

पहिलं पटकन उरकतो. फाइल कॉपी करता सगळ्यांनाच येते, म्हणून लोक प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर पेनड्राइव्हवर ओढतात. पण इन्स्टॉल होताना प्रोग्रॅम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंदी करतो, डीएलएल नावाच्या काही मदतनीस फायली भलतीकडेच ठेवतो, कधी मागे चालणारी एखादी सर्व्हिस सुरू करतो. फोल्डरबरोबर यातलं काहीच येत नाही. इन्स्टॉल न करता चालणारे पोर्टेबल प्रोग्रॅम तेवढे अपवाद. इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम उचलून नेणारी पीसीमूव्हरसारखी टूल्स मिळतात, पण मी त्यांच्या वाटेला जात नाही. जुना कचराही सोबत येतो. सेटअप कंपनीच्या साइटवरून नव्याने उतरवा, डेटा वेगळा कॉपी करा. विषय संपला.

खरा घोळ याच्या पुढे आहे. नव्या मशिनवर टॅलीप्राइम टाकलं, डेटाचं फोल्डर दाखवलं, कंपन्यांची यादी दिसली की ‘आलं बुवा सगळं’ म्हणून लोक जुन्या मशिनला फॉर्मॅट मारतात. मग व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकायला बसलं की महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखा घेतल्या जातात. टॅली बिघडलेलं नसतं, ते एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्सशिवाय शिकण्यापुरतं, चालू असतं. प्रोग्रॅम आला, डेटा आला, लायसन्स मात्र जुन्या मशिनच्या नावावरच राहिलं. शेगडी टेम्पोत घालून कोल्हापूरहून पुण्याला आणता येते. गॅस कनेक्शन मात्र आधी जुन्या एजन्सीकडून सोडवून घ्यावं लागतं, तसंच हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा: जुनं मशीन चालू आणि इंटरनेटला जोडलेलं असतानाच तिथे लायसन्स सोडायचं, मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं. टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच डीअ‍ॅक्टिव्हेट म्हणतील किंवा साइन आउट. अनइन्स्टॉल केलं की लायसन्स आपोआप सुटतं, हे मात्र कधीच गृहीत धरू नका. काही प्रोग्रॅम अनइन्स्टॉल होताना लायसन्स सोडतात, काही सोडत नाहीत. फॉर्मॅट मारला तर कंपनीच्या सर्व्हरला कळायला मार्गच नसतो. त्याच्या हिशेबी तुमचं जुनं मशीन अजून कामावर आहे.

‘अहो, डिस्क क्लोन करा की!’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. क्लोन म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल; तिच्यात रजिस्ट्रीसकट सगळं येतं, प्रोग्रॅम सुरूही होतात. पण मशिनला बांधलेलं लायसन्स हार्डवेअर तपासतं, आणि मदरबोर्ड किंवा नेटवर्क कार्ड बदललेलं दिसलं की अडतं. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये चालणाऱ्या कॅड-कॅम (सुटे भाग आखायच्या आणि घडवायच्या) सॉफ्टवेअरच्या कित्येक लायसन्स फायलींत त्या मशिनच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसच लिहिलेला असतो. ती फाइल हजारदा कॉपी करा, उपयोग शून्य.

जिथे लायसन्स खात्याला जोडलेलं असतं तिथे फारसा त्रास नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये नव्या मशिनवर साइन इन केलं की झालं; एका व्यक्तीला एका वेळी पाच उपकरणांवर चालतं. अप्पा बळवंत चौकातले जुने डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे) तर याबाबतीत सगळ्यांत सुखी. त्यांचं लायसन्स म्हणजे यूएसबीला लावायचं लॉक. उपटा, दुसरीकडे लावा.

विंडोजचं मात्र नीट समजून घ्या. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज ओईएम, म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनेच टाकलेलं, असतं. त्याची की (लायसन्सचा कोड) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, असते आणि लायसन्स त्या लॅपटॉपबरोबरच संपतं. ते नव्यावर नेता येत नाही, कोणी ‘जुगाड करून देतो’ म्हटलं तरी. वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज नेता येतं, पण जुन्यावरून काढून.

आणि जुनं मशीन आधीच मेलं असेल तर? मग बिल, सिरीयल नंबर आणि रजिस्टर केलेला ईमेल घेऊन कंपनीच्या पोर्टलवर किंवा हेल्पलाइनवर जावं लागतं. तिथे हमखास कळतं की ईमेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा आहे, नाहीतर ज्याने सॉफ्टवेअर विकलं त्याने स्वतःचाच टाकलाय. तो ईमेल कोणाचा आहे ते आजच बघून घ्या, जुना डबा सुरू होतोय तोवर.