हीथ टॉफीची पार्श्वभूमी : दुधाच्या गाडीपासून सैन्याच्या शिध्यापर्यंत

बोटीवर नोकरीला असलेला माणूस रजेवर मालवणात घरी आला की त्याच्या बॅगेतून निघणाऱ्या खाऊत कधी कधी अमेरिकेची हीथ टॉफीही असते. मे महिन्याच्या उकाड्यात तिच्यावरचे चॉकलेट कागदाला चिकटून येते, पण आतली पातळ वडी दाताखाली कट्कन मोडते. चॉकलेट साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते, कडक टॉफी मात्र त्या उष्म्याला दाद देत नाही.

१९१४ च्या सुमारास अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील रॉबिन्सन या लहानशा गावी एल. एस. हीथ या शिक्षकाने बेयर्ड आणि एव्हरेट या आपल्या मोठ्या मुलांना पोटापाण्याचा उद्योग म्हणून मिठाईचे दुकान घेऊन दिले. पुढे त्याला आइस्क्रीमची आणि दुग्धव्यवसायाची जोड मिळाली. बरेच प्रयोग करून या भावांनी १९२८ च्या सुमारास लोणी, साखर आणि बदाम यांची टॉफी करून तिला चॉकलेटचे आवरण दिले आणि ती ‘इंग्लिश टॉफी’ म्हणून विकायला काढली. तिचा प्रसार ज्या मार्गाने झाला, तो मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. दारोदार दूध पोहोचवणाऱ्या गाडीवाल्यांकडे मागणी नोंदवण्याचा जो छापील कागद असे, त्यावर दूध आणि चीज यांच्या ओळीतच टॉफीचेही नाव असे, त्यामुळे दुकानाची पायरी न चढता ती घराघरांत शिरली. तिचे वजन जेमतेम एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम होते. तिची किंमत पाच सेंट होती; तेवढ्यातच इतरांच्या वड्या बऱ्याच मोठ्या मिळत असूनही ती खपली.

टॉफीचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत चढवावा लागतो. त्याचा थेंब वाटीभर गार पाण्यात टाकला आणि तो चिवट न राहता मोडला, की पाक झाला. कोकणातल्या घरांत चिक्कीचा पाकही असाच पाहतात. अशा पाकाचा खरा शत्रू हवेतला ओलावा आहे. जत्रेतून आणलेला खाजा पावसाळ्यात डब्याचे झाकण नीट न लागल्यास सादळतो, हे येथे कोणाला सांगायला नको. हीथच्या वडीभोवतीचे चॉकलेट चवीबरोबर हेही काम करते: त्यातल्या स्निग्धांशामुळे दमट हवा आतल्या पाकापर्यंत सहज पोहोचत नाही.

हा टिकाऊपणा दुसऱ्या महायुद्धात कामी आला. सैनिकांच्या शिध्यासाठी अमेरिकी सैन्याने १९४२ मध्ये या टॉफीची पहिली मागणी नोंदवली आणि ती १,७५,००० डॉलरची होती. एका गावच्या दुग्धशाळेच्या जोडधंद्याला ही मागणी केवढी वाटली असेल! युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांच्या तोंडी ही चव बसलेली होती, त्यामुळे देशभर तिला गिऱ्हाईक मिळाले.

पुढे १९८९ मध्ये लीफ कंपनीने हीथ विकत घेतली आणि १९९६ मध्ये लीफचा उत्तर अमेरिकेतील मिठाईचा व्यवसाय हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीकडे गेला. हर्शीची ‘स्कॉर’ नावाची चॉकलेट-टॉफी त्याआधीपासून बाजारात होती, त्यामुळे कालपर्यंतच्या दोन प्रतिस्पर्धी वड्या एकाच मालकाच्या झाल्या. रॉबिन्सनचा कारखाना हर्शीने चालू ठेवला. ज्या घराण्याच्या दुकानात आइस्क्रीमही विकले जात असे, त्याच्या टॉफीचा चुरा आता अमेरिकेत आइस्क्रीममध्ये घालतात.