डिस्ट्रॉयर, म्हणजे नौदलाची मोठी युद्धनौका, म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं?

आयएनएस राजपूत ४ मे १९८० ला नौदलात आली अन् २१ मे २०२१ ला रिटायर झाली, ४१ वर्षं. मधल्या काळात तिला बांधणारा सोव्हिएत युनियन नावाचा देशच संपला, पण ही बाई आपली चालूच. तिकडं अमेरिकेच्या स्प्रुअन्स क्लासच्या ३१ डिस्ट्रॉयर १९७५ ते १९८३ मधी आल्या अन् २००५ पर्यंत सगळ्या बाद, काही तर ऐन विशीत. समुद्र दोन्हीकडं सारखाच खारट, मग एवढा फरक का?

आपल्याला वाटतं जहाज गंजून मरतं. गंज असतोच हो, पण त्यावरचा इलाज आपल्या बाथरूममधीच आहे. लातूर-बीडकडं बोअरचं पाणी कसलं जड असतंय ते सांगायला नको, गिझर खोलला की प्लंबर आतला मॅग्नेशियमचा रॉड काढून दाखवतो, पार खाऊन गेलेला, मधली तार तेवढी शिल्लक. तो रॉड आधी झिजतो म्हणून टाकीचं लोखंड वाचतं, कारण मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी इलेक्ट्रॉन सोडून मोकळं होतं. जहाजाच्या बुडाला हेच काम झिंकचे ठोकळे करतात. ड्राय डॉकमधी, म्हणजे पाणी काढलेल्या गोदीत, जहाज घेतलं की ते बदलायचे, प्लेटची जाडी अल्ट्रासाउंडनं मोजायची, जिथं पातळ झाली तिथला तुकडा कापून नवा वेल्ड करायचा.

गंजापेक्षा वाईट म्हणजे थकवा. लाट बरोबर जहाजाच्या मधोमध आली की दोन्ही टोकं खाली वाकतात, लाटा टोकांना आल्या की पोट लोंबतं, असं लाखो वेळा वर-खाली होऊन दरवाजे-झाकणांच्या कोपऱ्यात बारीक चिरा पडायला लागतात. म्हणून तर जहाजात चौकोनी कोपरे टाळून गोल ठेवतात.

पण स्प्रुअन्स काही चिरा पडून गेल्या नाहीत. त्यातली पॉल एफ. फॉस्टर नौदलातून निघाल्यावरही रिमोटवर चालणारी टेस्ट शिप म्हणून कामाला जुंपली, म्हणजे अंगात दम होता. ३१ पैकी २४ जणींना उभ्या नळ्यांतून मिसाईल सोडायची सिस्टीम बसवली, उरलेल्या ७ जणींना नाही, अन् आधी नंबर लागला तो त्यांचाच. पुढं त्या २४ पण गेल्या, कारण एवढ्या मोठ्या क्रूचा अन् देखभालीचा पैसा एजिस नावाची रडार-मिसाईलची सिस्टीम असलेल्या नव्या जहाजांना पाहिजे होता. राजपूतवर उलट झालं, तिच्यावर ब्रह्मोस बसवलं, चाचण्या घेतल्या, तिला काम मिळत राहिलं.

माझ्या मते खरी मर्यादा असते ती वीज अन् थंडाव्याची. नवीन रडार विजेला लई भुकेलं, गरम पण तेवढंच होतं. अमेरिकेनं अर्ले बर्क क्लासच्या डिस्ट्रॉयरवर एसपीवाय-६ रडार घ्यायचं ठरवलं तर जनरेटर अन् चिलर (थंड करणारी मशीन) दोन्ही तगडे घ्यावे लागले, म्हणजे डिझाईनच नवं. पहिली अर्ले बर्क १९९१ ची, आयुष्य ३५ वर्षं धरलेलं, आता ५ वर्षं वाढवून २०३१ पर्यंत चालवणार.

आपल्या माझगाव डॉकमधी बांधलेली आयएनएस सुरत जानेवारी २०२५ ला आली, ती चाळीस वर्षं चालवायची तर २०६५ उजाडणार. तिची गॅस टर्बाइन, म्हणजे जहाज चालवणारी इंजिनं, युक्रेनच्या झोर्या कंपनीची, तिथं २०२२ पासून युद्ध. तोवर सुटे पार्ट कुठून आणायचे, हे मला रडारपेक्षा अवघड वाटतंय.