इझी रन आणि रविवारचं उगाच धावणं: दोन्ही हळूच, तरी वेगळं

"उद्या रविवार, काही नाही, मजेत एक इझी रन टाकतो." बडोद्यात धावणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य कधीतरी बोललेलं असणारच. मला दर वेळी वाटतं की बाबा रे, आधी एक काय ते ठरव, मजेत जाणारेस की इझी करणारेस? कारण या दोन गोष्टी दिसायला अगदी सारख्या असल्या तरी आतून पार वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की दोन्हींचं नुकसान होतं, म्हणजे ट्रेनिंगचा प्लॅनही बिघडतो आणि रविवारही जातो.

गोंधळ होतो हे मला मान्यच आहे. सकाळी साडेसहाला कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापाशी उभं राहून बघा, दोन माणसं सारख्याच वेगाने, सारख्याच आरामात, गप्पा मारत म्युझियमच्या बाजूने वळतील. त्यातला एक ट्रेनिंग करतोय आणि दुसरा नुसता बाहेर पडलाय हे बाकावरच्या काकांना कळायचं कसं? आमच्या इथले एक काका तर सरळ विचारतात, "दोडो छो के फरवा निकळ्या छो?" धावताय की फिरायला निघालाय. आपण हसून पुढे जातो, पण प्रश्न अगदी नेमका आहे.

आधी इझी रनबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दलच आहेत.

इझी रन हा सुट्टीचा प्रकार नाहीये, ते काम आहे, आणि त्यातला हळूपणा हा हुकूम आहे. मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं विश्रांतीत, असं आलटून पालटून), शुक्रवारी टेम्पो (बराच वेळ एकसारखं जोरात), अशा जोराच्या दिवसांच्या मधे शरीराला सावरू द्यायचं आणि तरीही दम वाढवत राहायचं यासाठी ते असतं. हळू आणि बराच वेळ धावल्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमधे बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि शरीर साखरेऐवजी चरबीवर जास्त चालायला लागतं. यासाठी जोर लावायची गरज नसते, वेळ मात्र द्यावा लागतो. शिवाय दम लवकर सुधारतो पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं फार सावकाश घट्ट होतात, म्हणून छाती म्हणते पळ आणि पोटरी म्हणते थांब, असं नव्या लोकांचं सारखं होत असतं. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने दमाच्या खेळांतल्या अव्वल दर्जाच्या खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं तेव्हा त्यांची साधारण 80 टक्के सेशन्स कमी जोराचीच निघाली. म्हणजे जगातले सगळ्यात वेगवान लोक बहुतेक दिवस हळूच धावत असतात, आणि आपण मात्र रोज स्वतःला सिद्ध करायला निघतो.

मग इझी आहे हे ओळखायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे बोलून बघायचं. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर इझी, "हो... ना... मग..." असं व्हायला लागलं तर नाही. घड्याळवाले 220 वजा वय करून कमाल हार्ट रेट काढतात, पण तो अगदी ढोबळ आकडा आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडचे तिकडे सहज होतात, त्यामुळे घड्याळ इझी म्हणतंय आणि तोंडाने बोलता येत नाहीये असं झालं तर तोंडाचं ऐका. आणि बडोद्याच्या मे महिन्यात तर पेसचं, म्हणजे वेगाच्या आकड्याचं, नावच काढू नका. उकाड्यात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून त्याच पेसला ठोके चढत जातात. जानेवारीत जो तुमचा इझी पेस होता तो मे मधे इझी राहत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, मधे चाला. चालणं इझी रनमधे पूर्ण कायदेशीर आहे.

थोडक्यात, इझी रनला वरची मर्यादा असते. खूप छान वाटतंय, हवा मस्त आहे, पुढे कोणीतरी लाल टीशर्टवाला जातोय, त्याला गाठावंसं वाटतंय, तरी गाठायचं नाही. इथेच ते मजेपासून वेगळं पडतं.

कारण रविवारचं उगाच धावणं म्हणजे लाल टीशर्टवाल्याला गाठायचं! वाटलं तर गाठायचं, नाही वाटलं तर विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबून खाली मगर दिसते का बघत बसायचं. थंडीत उन्हाला येऊन पडलेल्या असतात त्या काठावर, आणि एकदा दिसली की पुढची दहा मिनिटं गेलीच. बागेतल्या टॉय ट्रेनच्या रुळांजवळून पोरासारखं सुसाट सुटायचं आणि मग दम लागला म्हणून हसत चालायचं. यात वरची मर्यादा नाही, खालची पण नाही. तीन किलोमीटरवर कंटाळा आला आणि घरी आलो, तर ते अर्धवट राहिलं असं होत नाही, ते तेवढंच होतं.

इथे एक जण हमखास म्हणतो, "म्हणजे फार्टलेकच की." नाही हो. फार्टलेक हे 1930 च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेर या कोचने काढलेलं ट्रेनिंगच आहे, त्यात वेग मनाप्रमाणे बदलत असला तरी ते ज्या दिवशी करायचं तो दिवस प्लॅनमधे लिहिलेला असतो, आणि ते जोराच्या दिवसांत मोजलं जातं. उगाच धावणं कशातच मोजलं जात नाही.

सूरसागर तलावाच्या काठाने सकाळी जाताना म्युझिक कॉलेज लागतं, सयाजीरावांच्या काळात 1886 मधे गायक मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच. तिथे आतून एखादा तोच तोच पलटा, म्हणजे सुरांचा सराव, घोटत असतो, आणि त्याच वेळी बाहेर चहावाला स्टोव्ह पेटवताना काहीतरी गुणगुणत असतो. दोघंही गातायत, दोघांचाही आवाज बारीकच आहे. पण आतल्याने सूर चुकवला तर त्याला परत मागे जावं लागतं आणि चहावाला चुकला तर चहा तरी उकळतोच. इझी रन आणि उगाच धावणं यात मला एवढाच फरक दिसतो, आणि तो बराच मोठा आहे.

आता गंमत अशी की ही जोडी आजची नाही. अमेरिकेतल्या ओरेगनचे प्रसिद्ध कोच बिल बॉवरमन, तेच ते नाइकीच्या दोन संस्थापकांपैकी एक, 1962 च्या शेवटी न्यूझीलंडला गेले. तिथे आर्थर लिडियार्ड या कोचने त्यांना रविवारी सकाळी साध्या लोकांच्या जॉगिंगच्या घोळक्यात नेलं. बॉवरमन तेव्हा पन्नाशीचे, आयुष्य धावणाऱ्यांना शिकवण्यात गेलेलं, आणि त्यांना दम लागून मागे राहावं लागलं. सोबतीला कोण राहिलं तर सत्तरी ओलांडलेले, हार्ट अटॅक येऊन गेलेले एक आजोबा! बॉवरमन परत आले आणि त्यांनी गावातल्या सामान्य लोकांसाठी जॉगिंग सुरू केलं, अमेरिकेत जॉगिंगची जी लाट आली तिच्या मुळाशी हे होतं. आणि हाच माणूस आपल्या खेळाडूंना मात्र एक दिवस जोराचा, एक दिवस हलका, असं शिस्तीत बसवायचा. म्हणजे प्लॅनमधलं हळू धावणं आणि रविवारचं घोळक्यातलं हळू धावणं, दोन्हींचा प्रचार करणारा माणूस एकच. पण त्याने स्वतः ते वेगवेगळ्या लोकांसाठी ठेवलं होतं, आपण ते एकाच रविवारी, एकाच बुटात कोंबतो.

आणि मग काय होतं? एक तर उगाच धावायला म्हणून निघतो पण मनात त्याला इझी रन म्हणून जमा करतो. सोबत जरा वेगवान मैत्रीण असते, गप्पांच्या नादात पेस कधी वाढला कळत नाही, अकोट्याच्या पुलाच्या चढावर तर दोघांची चुपचाप शर्यतच लागते, आणि घरी येऊन प्लॅनमधे लिहायचं "इझी, 8 किमी". मंगळवारी इंटरव्हलला पाय जड. मग वाटतं आयर्न कमी आहे का, बूट जुने झालेत का. काही नाही, रविवारी शर्यत झालीये.

दुसरा प्रकार याच्या उलट, आणि माझ्या मते जास्त वाईट, कारण तो दिसतच नाही. म्हणजे मजेसाठी निघायचं पण घड्याळ लावून, हार्ट रेट बघत, ठोका वर गेला की वैतागत, मगर दिसली तर घड्याळ पॉज करायला विसरलो म्हणून चुकचुकत, आणि शेवटी स्ट्रावा या धावण्याच्या अ‍ॅपवर टाकताना खाली "जस्ट फॉर फन" लिहायचं. फनसाठी होतं तर टाकायचं कशाला हा माझा भाबडा प्रश्न आहे, पण जाऊ दे. 1973 मधे लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग आहे, बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मुळात आवडायचं त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल. त्यांनी काढली चित्रं, मिळालं सर्टिफिकेट. पुढे मोकळ्या वेळात मात्र याच मुलांचं चित्र काढणं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी झालं. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांच्यात असं झालं नाही. म्हणजे बक्षिसाने बिघडलं नाही, आधीपासून बक्षिसाकडे डोळे लावल्याने बिघडलं. घड्याळातले बॅज, सलग दिवसांची स्ट्रीक, लोकांचे कुडोज (लाइक) हे काय वेगळं आहे हो?

मला विचाराल तर फरक तपासायला एकच प्रश्न पुरतो. आज गेलो नाही तर काही देणं लागतं का? इझी रन चुकला तर प्लॅनमधे भोक पडतं, तो कुठेतरी हलवावा लागतो किंवा सोडला असं नीट ठरवावं लागतं. उगाच धावणं चुकलं तर काही चुकलेलंच नसतं. जुलैत धो धो पाऊस आहे, खिडकीतून बघून परत पांघरूण घेतलं आणि मनाला टोचलं नाही, तर ते धावणं उगाचंच होतं. टोचलं तर समजा की नाव काहीही द्या, ते प्लॅनचंच आहे.

याच्या जोडीला आपला एकूण रविवार पण बघून घ्या. बहुतेक ग्रुप लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं, रविवारी ठेवतात कारण सुट्टी असते, म्हणून पहाटे चारला उठायचं, दोन-अडीच तास धावायचं, दुपारी आडवं व्हायचं, संध्याकाळी घरातले म्हणतात चला सिंधरोटला नदीवर जाऊ तर पाय उचलत नाहीत. हा सुट्टीचा दिवस नव्हेच, कामाचा सहावा किंवा सातवा वार आहे. आणि न धावणारेही हेच करतात, सोमवारी ऑफिसात ताजंतवानं दिसावं म्हणून रविवारी हिशोबाने झोपतात. शक्य असेल त्यांनी लाँग रन शनिवारी न्यावा. दांडियाबाजारच्या आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना शनिवारी हाफ डे तरी असतो, जमतं ते.

आणि ज्यांची कुठलीच रेस नाहीये त्यांनी तर इझी रन हा शब्दच डोक्यातून काढला तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो आठवडाभराच्या भरभर चालण्यात आणि रविवारच्या बागडण्यात आरामात बसतो. त्याला हार्ट रेटचे झोन बिन काही लागत नाही. ज्यांची हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन आहे त्यांना दोन्ही लागेल, पण बुटाची नाडी बांधायच्या आधी आज यातलं काय ते ठरवून. घड्याळ घरी ठेवायचं की हातात, हे त्यावरच ठरतं. उगाच धावायचं असेल तर रस्ता असा निवडा की शेवट सेवउसळीच्या किंवा फाफडा-जलेबीच्या दुकानासमोर होईल, आणि नऊच्या आत पोचा नाहीतर रांगेत उभं राहून घाम वाळतो आणि थंडी वाजते. किती कॅलरी जाळल्या आणि किती खाल्ल्या याचं गणित तिथे कृपा करून मांडू नका, शेजारी बसलेल्याचा पण मूड जातो.

एकाच परिस्थितीत मात्र मी उगाच धावण्याच्या विरोधात आहे. पोटरी किंवा गुडघ्याच्या दुखापतीतून उठलाय, किंवा पावसाळ्यानंतर आपल्याकडे घरोघरी असतो तसा चिकनगुनिया होऊन गेलाय आणि सांधे अजून कुरकुरतायत, तर डॉक्टरने हो म्हटल्यावर सुद्धा सुरुवातीचे काही आठवडे फक्त इझी, तेही दोन मिनिटं धावणं एक मिनिट चालणं असं मोजून. कारण मजेत माणूस सुटतो. छान वाटलं की पाय आपोआप लांब पडतो आणि टेंडनला ते कळवलेलं नसतं. तेवढ्या काळापुरती रविवारची मजा चालण्यात काढा, कमाटीबागेत चालायला जागा भरपूर आहे आणि मगरी चालणाऱ्यांनाही दिसतात.