शर्यतीची तारीख आणि साखरेचा आकडा

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की डॉक्टर सांगतात, "व्यायाम करा." माणूस मान डोलावतो, काही दिवस नेमाने चालतो आणि मग ते सुटतं. खापर आळसावर फुटतं. मला मात्र सल्लाच अपुरा वाटतो. कशासाठी, किती आणि कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नसतं. अमुक तारखेला दहा किलोमीटर धावायचंय असं एकदा ठरलं, की या प्रश्नांची उत्तरं शोधावीच लागतात. आणि गंमत म्हणजे शर्यतीच्या तयारीला जी शिस्त लागते, तीच या आजारालाही मानवते. का, ते स्नायूंत डोकावलं की कळतं.

इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली जी साखर उचलली जाते, तिच्यातला सिंहाचा वाटा, सुमारे ८० टक्के, स्नायूंत जातो. त्यासाठी स्नायूपेशीच्या आत ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं तयार असतात. इन्सुलिनचा निरोप मिळाला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. टाइप २ मध्ये हा निरोप नीट पोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावू लागला की तीच प्रथिनं दुसऱ्याच मार्गाने वर येतात, इन्सुलिनची वाट न बघता. पुढचं दार अडकलेलं असलं तरी मागचं उघडतं, आणि मधुमेहातही ते बहुतांशी शाबूत असतं.

व्यायाम संपल्यावरही हे काम थांबत नाही. रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम साखर असते. स्नायूंत ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, रूपात ४०० ग्रॅमच्या आसपास. पळून हा साठा खर्च झाला की तो भरून काढण्यासाठी स्नायू पुढचे २४ ते ७२ तास इन्सुलिनला जास्त दाद देतात. मग हा परिणाम विरतो. म्हणूनच आठवड्याला किमान १५० मिनिटं या सल्ल्याबरोबर आणखी एक अट असते, जी फार कमी जणांच्या कानावर पडते: सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. सगळा व्यायाम रविवारी उरकणाऱ्याचा गुरुवार कोरडाच जातो.

फक्त धावून भागत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहींचे गट नऊ महिने व्यायाम करत होते. एक गट नुसता चालायचा, दुसरा नुसती वजनं उचलायचा, तिसरा साधारण तेवढ्याच वेळात दोन्ही करायचा. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा रक्ततपासणीचा आकडा) लक्षणीय उतरलं ते फक्त तिसऱ्या गटाचं.

नवख्याला घाबरवणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जोरदार स्प्रिंट मारल्यावर साखर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसू शकते. अॅड्रेनालिनच्या इशाऱ्यावर यकृत साखर सोडतं, आणि ती स्नायूंच्या खपापेक्षा जास्त असते. बहुधा तास-दोन तासांत आकडा खाली येतो. त्या एका आकड्यावरून व्यायाम सोडू नये.

खरी जपायची गोष्ट म्हणजे औषधं. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने धोकादायक पातळीपर्यंत क्वचितच उतरते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर मात्र ती ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली जाऊ शकते, कधी कधी काही तासांनी, झोपेतसुद्धा. अशांनी सुरुवातीला साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खावं आणि खिशात ग्लुकोज ठेवावं. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे दबलेली असते. घड्याळावरच्या ठोक्यांवरून मेहनतीचा अंदाज चुकतो, आणि साखर उतरल्याची खूण असलेली धडधडही जाणवत नाही. तयारी वाढत जाईल तसा डोसही बदलावा लागू शकतो. तो डॉक्टरांनी बदलायचा, आपण नव्हे.

हे सगळं सांभाळून कुठवर जाता येतं? ब्रिटनचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांच्याकडे चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं होती, तेव्हा १९९७ मध्ये त्यांना मधुमेहाचं निदान झालं. म्हणजे तंदुरुस्ती हे काही अभयदान नव्हे. इन्सुलिन घेत त्यांनी सराव चालू ठेवला आणि २००० मध्ये सिडनीत, वयाच्या ३८ व्या वर्षी, पाचवं सुवर्ण जिंकलं.

आपलं ध्येय अर्थात आपल्या शरीराकडे बघून ठरवायचं. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर श्वास रोखून जड वजनं उचलणं टाळावं. त्या फुटण्याची भीती असते. तळपायाला स्पर्श नीट कळत नसेल तर बुटातला खडाही जखम करून जातो आणि पत्ता लागत नाही. अशा वेळी रोज पाय तपासावेत, आणि पायावर जखम असेल तर धावण्याऐवजी सायकलचं अंतर ठरवावं.